कवंडळाला इंग्रजीत काय म्हणायचं?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात सहावी-सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या टीचरचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून ते थोडक्यात देते. नोकरीचं तिसरं वर्ष. वर्गात ३८ मुलं, त्यांतली बहुतेक चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली. टीचर धडा वाचतात, ओळ न् ओळ मराठीत सांगतात आणि प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून देतात. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, पास होतात. पण "रविवारी मी काय केलं" यावर चार वाक्यं लिहायला सांगितली, तर २२ वह्या कोऱ्या आल्या. हेडमास्तरांचा नियम असा की इंग्रजीच्या तासाला मराठी-कोकणी बोललं की एक रुपया दंड. नियम पाळला तर वर्ग मुका होतो, म्हणून टीचर दार लोटून घेऊन मराठीत शिकवतात. त्यांचं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेतलं. उच्चारांवरून स्टाफरूममध्ये टोमणे ऐकावे लागले आहेत. मागच्या बाकावर दोन मुली बसतात. त्यांचे आईवडील कर्नाटकातून कामाला आलेले. त्या वर्गात एक शब्द बोललेल्या नाहीत. टीचर विचारतात, "मी मुलांचं नुकसान करते आहे का? मराठी पूर्ण बंद करू, की इंग्रजी सोडून मराठी विषय मागून घेऊ?"

प्रिय टीचर,

पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात राहिलं ते तुमचं दार लोटून घेणं. डिचोली तालुक्यात मी एकतीस वर्षं हाच विषय शिकवला आणि त्यातली पहिली बरीच वर्षं मीही दार लोटलं. आत मराठी, बाहेर पावलं वाजली की इंग्रजी. दहावीला इंग्रजीत उत्तम गुण मिळवलेली माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षांनी घरी आली. हातात कॉलेजच्या वसतिगृहाचा फॉर्म होता. "टीचर, खाली चार ओळी लिहायच्या आहेत, वसतिगृह का हवं म्हणून. तुम्ही लिहून द्या, मी पाठ करते." चार ओळींचा अर्जसुद्धा पाठ करायचा असतो असं तिला वाटत होतं, कारण इंग्रजीबद्दल मी तिला तेवढंच शिकवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे मी जे काही बदललं, त्याची सुरुवात तिथून झाली.

म्हणून तुमच्या प्रश्नाकडे आधी नीट बघू. तुम्ही तो "मराठी की इंग्रजी" असा मांडला आहे. त्या २२ वह्या कोऱ्या आल्या, त्या धडा मराठीत सांगितल्यामुळे आल्या का? मला तसं वाटत नाही. धडा मराठीत सांगून झाल्यावर मुलांना इंग्रजीत स्वतःचं काही जुळवायची वेळच येत नाही. उत्तर फळ्यावर तयार असतं. रविवारचं उत्तर मात्र फळ्यावर नव्हतं, ते प्रत्येकाच्या पोटात वेगळं होतं आणि तिथून ते काढायची सवय कुणालाच नव्हती. उद्या दंडाच्या भीतीने मराठी बंद झाली आणि फळ्यावरचं उत्तर तसंच राहिलं, तर वह्या कोऱ्याच येतील, शिवाय धडाही कळणार नाही.

ही मुलं कुठून आली आहेत तेही लक्षात घ्या. गोव्यात १९९० पासून प्राथमिक शाळांचं अनुदान मराठी-कोकणीशी जोडलं गेलं, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते द्यायचं ठरलं आणि त्यावरून केवढं रान पेटलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या वादात मी इथे शिरत नाही. तुमच्या वर्गापुरतं खरं एवढंच की चौथीपर्यंत इंग्रजी हा एक विषय होता आणि पाचवीत विज्ञान, इतिहास, गणित सगळं त्या भाषेत आलं. जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकाने कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांचं निरीक्षण केलं. बोलण्यापुरती इंग्रजी त्यांना साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, विचार मांडायची इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्याला दिसलं. त्या मुलांच्या तर रस्त्यावर, दुकानात, मैदानावर सगळीकडे इंग्रजी होती. तुमच्या सहावीच्या मुलांचं हे दुसरं वर्ष, आणि इंग्रजी कानावर पडते ती घंटा होईपर्यंत. ही मुलं मंद नाहीत आणि तुम्हीही कमी पडलेल्या नाहीत. त्याच कमिन्सने आणखी एक गोष्ट मांडली, ती आपल्या जास्त कामाची आहे: एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. पाण्याची वाफ कशी होते हे ज्याला मराठीत कळलं आहे, त्याला इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे राहतात.

तेव्हा मराठी ठेवा, पण तिची जागा बदला. आज ती तुमच्या तोंडी आहे: तुम्ही सांगता, मुलं ऐकतात. ती मुलांच्या तोंडी जाऊ दे. विचार करताना, एकमेकांशी हुज्जत घालताना त्यांनी हवी ती भाषा वापरावी. वहीत उतरेल ते मात्र इंग्रजीत आणि त्यांचं स्वतःचं.

हे रोजच्या तासात कसं बसवायचं, याचा माझा सगळ्यात भरवशाचा मार्ग डिक्टेशनच्या जवळचा आहे, म्हणून हेडमास्तरांच्याही डोळ्यांवर येत नाही. धड्यातला पाच-सहा ओळींचा सोपा तुकडा घ्या. एकदा वाचा, मुलांनी फक्त ऐकायचं. दुसऱ्यांदा वाचा, मुलांनी सापडतील ते शब्द टिपायचे, पूर्ण वाक्यं टिपायची नाहीत. मग चौघा-चौघांनी मिळून तो तुकडा पुन्हा उभा करायचा. शब्द नि शब्द तसाच यायला नको, अर्थ यायला हवा. या दहा मिनिटांत वर्गात कोकणी-मराठीचा गलका होतो. "अरे, तो गेला म्हणजे झालेलं, मग गो कसं, वेंट पाहिजे!" हे वाक्य मी माझ्या वर्गात ऐकलं आहे. व्याकरणाचा एक अख्खा तास घेऊन जे झालं नव्हतं, ते त्या एका भांडणात झालं. शेवटी मूळ तुकडा फळ्यावर लिहा आणि प्रत्येक गटाला आपला ताडून बघू दे. सुरुवातीला दोन-तीन ओळीच जमतील. आठवड्यातून दोनदा केलंत तर दिवाळीपर्यंत फरक दिसायला लागेल.

आता रविवारच्या निबंधाचं. "रविवारी काय केलं" हा विषय मोठ्यांना सोपा वाटतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला तो कोरडा वाटतो, कारण ज्यांना सांगायचं त्या टीचरना त्यात फारसा रस नाही हे त्याला ठाऊक असतं. मुलाला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, असं काहीतरी त्याला विचारा. तुम्ही सत्तरीत आहात, तुमच्याकडे असल्या गोष्टींची रास पडलेली आहे.

माझा एक तास सांगते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीआधीचे दिवस होते. गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती माटोळी. मुलांना म्हटलं, माटोळीला बांधायच्या वस्तूंची नावं सांगा. नारळ, सुपारीचा घोस, आंबाडे, चिबूड, कांगलां, कवंडळ. फळा भरला. नारळाचं इंग्रजी नाव सगळ्यांना येत होतं, कवंडळापाशी वर्ग अडला. "टीचर, कवंडळाला इंग्रजीत काय म्हणतात?" मी म्हटलं, रोजच्या इंग्रजीत त्याला नाव नाही, कारण ते बोलणाऱ्यांच्या घरी माटोळी नाही. आता समजा, ज्याने कवंडळ कधी पाहिलंच नाही अशा माणसाला ते फळ इंग्रजीतून दाखवायचं आहे. कसं दाखवाल? वर्गात पाच मिनिटं नुसती कुजबुज झाली. मग एका मुलाने वाचलं, "इट इज राउंड. इट इज रेड. वी डू नॉट ईट इट. माय फादर ब्रिंग्ज इट फ्रॉम द जंगल. वी टाय इट इन द माटोळी." पाच वाक्यं. त्या मुलाने तोवर तोंडच उघडलं नव्हतं. बापाबरोबर रानात जाणारा वर्गातला तो एकटाच होता आणि त्या दिवशी सगळ्या वर्गाला त्याची गरज होती. "माटोळी" हा शब्द त्याने तसाच ठेवला, मीही ठेवू दिला. कुठल्याही गाइडात हे उत्तर सापडणार नाही, म्हणून ते पाठ करता येत नाही. असे विषय गोळा करा. काजूची बी भाजायची कशी, शिगम्यात ढोल कोण वाजवतो, पावसात ओढा कुठपर्यंत चढतो, आजी पेज कशी करते. ज्या गोष्टीचं इंग्रजी नाव मिळत नाही तिथेच मुलाला वाक्यं करावी लागतात.

त्या दोन मुलींबद्दल थोडं सावकाश बोलायचं आहे. तुम्ही धडा मराठीत सांगता तेव्हा ३६ मुलांना तो जवळचा वाटत असेल, त्या दोघींना मात्र ती आणखी एक परकी भाषा असते. घरी कानडी, गावात कोकणी, टीचरची मराठी, पुस्तकाची इंग्रजी. सहावीतल्या पोरीला केवढी ही कसरत! मराठीतून सगळ्यांना समजतं, हे तुम्ही गृहीत धरलंत, आणि मीही कितीतरी वर्षं धरलं होतं. फळ्यावर कोकोनट लिहाल तेव्हा शेजारी नारळ लिहा, कोकणीतलं नाल्ल लिहा आणि मग त्या दोघींकडे वळून विचारा, तुमच्या घरी काय म्हणतात? "तेंगिनकाई" हा एक शब्द सगळ्या वर्गासमोर सांगता आला की त्यांचं वर्गातलं स्थान बदलतं. लगेच इंग्रजी बोला म्हणून मागे लागू नका. नव्या भाषेत शिरताना पुष्कळ मुलं काही महिने गप्प असतात आणि त्या काळात ऐकत असतात. त्यांना चित्र काढून त्यावर इंग्रजी शब्द लिहायला द्या. दोघींना वेगवेगळ्या गटांत एकदम टाकू नका, आधी एकत्र राहू दे.

चुकांच्या बाबतीत तुमची मराठी हेच तुमचं हत्यार आहे. मूल "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" लिहितं तेव्हा ते बेफिकीर नसतं. "मी पाच वर्षांपासून इथे राहतो" हे त्याच्या डोक्यात अगदी शुद्ध असतं. "मला भूक लागली" या वाक्यात भूक कर्ता आहे, इंग्रजीत "आय" कर्ता होतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत मधे. अ, ॲन, द यांच्या जोडीचं तर मराठीत काहीच नाही. फळ्याचे दोन भाग करा, डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी, आणि कोण कुठे सरकलं ते मुलांनाच बाणाने दाखवू दे. हे फक्त दोन्ही भाषा येणारी टीचरच शिकवू शकते. वही तपासताना मात्र एका वेळी एकच चूक धरा. या महिन्यात भूतकाळाची क्रियापदं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पान लाल करून दिलं की पुढच्या वेळी मूल दोनच वाक्यं लिहितं, कारण दोन वाक्यांत चुका कमी होतात. अ, ॲन, द तर शेवटी ठेवा. ते यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि ते चुकल्याने अर्थ सहसा अडत नाही.

वाचनाशिवाय यातलं काहीच टिकत नाही. पाठ्यपुस्तक सहावीचं आहे, मुलं इंग्रजीच्या हिशेबाने दुसरी-तिसरीत आहेत. आधाराशिवाय एखादं पुस्तक नीट समजायला त्यातले १०० पैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असं वाचनाचे अभ्यासक सांगतात. तुमच्या धड्याचं एक पान घेऊन मुलांना अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा, किती रेघा पडतात ते बघा. म्हणून त्यांना सोपी, पातळ पुस्तकं द्या. प्राणी, यंत्रं, क्रिकेट, विनोद, चित्रकथा अशी निवडा, म्हणजे बाळबोध वाटून ती लाजणार नाहीत. तालुक्याच्या ग्रंथालयात विचारा. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग आहे. हे ग्रंथालय १८३२ सालचं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. सहलीची बस पणजीला जाणारच असेल, तर तिथे तासभर थांबवा. तासाची पहिली सात-आठ मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, आवाज काढून, हातवारे करून. त्यावर प्रश्न विचारू नका.

पाठांतर वाईट, असंही मी म्हणणार नाही. आपल्या गावांत जत्रेला, काल्याला नाटक होतं, मुलं तालमी बघत मोठी होतात, दुसऱ्याच्या भूमिकेची भाषणंसुद्धा त्यांना तोंडपाठ असतात. ती पाठ होतात कारण ती कुणाला तरी उद्देशून म्हणायची असतात. धड्यातला संवाद चार मिनिटांच्या प्रवेशासारखा बसवा. पाठ करू दे, आवाज चढवू दे, पडद्यामागून सांगणारा प्रॉम्प्टरसुद्धा ठेवा. पुढच्या आठवड्यात सांगा, तोच प्रवेश, पण दुकानदाराकडचा माल संपलेला आहे, संवाद बदला.

परीक्षेचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. सगळी तयार उत्तरं एका दिवसात बंद करू नका, मुलं घाबरतील आणि पालक शाळेत येतील. सत्रातले दोन धडे या नव्या पद्धतीने करा, बाकीचे जुन्या. त्या दोन धड्यांत पूर्ण उत्तराऐवजी फळ्यावर फक्त वाक्याची सुरुवात लिहा, शेवट मुलांचा. पुढच्या सत्रात चार धडे. पहिल्या चाचणीत काहींचे गुण थोडे उतरतील, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण न वाचलेला उतारा, पत्र, निबंध यांचे गुण पाठांतराने फार मिळत नाहीत, तिथे हीच मुलं पुढे वर येतात.

हेडमास्तरांशी भांडायला जाऊ नका. त्यांच्याही मनात मुलांचं भलंच असतं. आपल्याकडे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या. त्या शाळांतून पुढे आलेल्या किती जणांना पाचवीत इंग्रजीने रडवलं, ते आजचे हेडमास्तर आणि पालक विसरलेले नाहीत. त्यांना सांगा, "सर, एक वर्ग, एक सत्र, दंडाशिवाय करून बघू द्या. सत्राअखेर मी वह्या दाखवते." हाताशी कागद हवा असेल तर आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात वर्गातल्या अनेक भाषांना साधन मानलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ज्यांची घरची भाषा माध्यमापेक्षा वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन्ही भाषा वापरून शिकवायला उत्तेजन द्यावं, असं म्हटलं आहे. आणि तेवढ्याने काम झालं नाही, तर आपल्या शेजारचंच उदाहरण सांगा. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही साध्या सरकारी शाळांत व्याकरण बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं, हिशेबाची कोडी सोडवायला दिली, इंग्रजी त्या कामातून शिकवली. तुम्ही कदंब बसचं वेळापत्रक घ्या: वाळपईहून दहा वाजता पणजीत पोचायचं आहे, कुठली बस, साखळीवरून की उसगाव-फोंड्यावरून, आणि का? हेडमास्तरांना त्या तासाला मागच्या बाकावर बसायला बोलवा. दार उघडं ठेवून.

उच्चारांविषयी फार लिहीत नाही. वेस्ट आणि व्हेस्ट मराठीत एकाच "व"वर भागतात, इंग्रजीत नाही. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून व्हेस्ट, ओठ गोल करून वेस्ट. घरी आरशासमोर आठवडाभर करा, मग मुलांकडून करून घ्या. असे सहा-सात आवाज सांभाळले की पुरे. स्टाफरूममधल्या ज्या टीचरना इंग्रजी लहानपणापासून येते, त्यांना विचारा की मुलगा "सिन्स फाइव्ह इयर्स" का लिहितो. तुम्हाला ते सांगता येईल, कारण तुम्ही स्वतः त्याच दगडाला अडखळला होतात.

मराठी विषय मागून घ्यावा का? मराठी शिकवायची ओढ असेल तर जरूर घ्या, ते कमी प्रतीचं काम नव्हे. पण इंग्रजी जमत नाही म्हणून सोडत असाल, तर वर्षअखेरपर्यंत थांबा. त्या २२ कोऱ्या वह्या जपून ठेवा. चवथीच्या सुट्टीआधी माटोळीचा तास घ्या, वर्षाच्या शेवटी पुन्हा एक असाच विषय द्या आणि तिन्ही पानं एकाशेजारी एक मांडून बघा. त्या दोघी मुलींची पानं आधी बघा. मग ठरवा, आणि जे ठरवाल ते मला कळवा.